रिपोर्ट नॉर्मल, त्रास मात्र खरा: कारण न सापडणाऱ्या शारीरिक तक्रारी आणि जनरल प्रॅक्टिस

प्रश्न विचारणारे सहकारी तीन वर्षांपासून जनरल प्रॅक्टिस करत आहेत. त्यांच्याकडे चाळिशीतल्या एक रुग्ण दर आठ-पंधरा दिवसांनी येतात. कधी छातीत धडधड, कधी हातापायांना मुंग्या, कधी पोट फुगल्यासारखे वाटणे, आणि या सगळ्याच्या जोडीला अंगातले त्राण गेल्यासारखा कायमचा थकवा. रक्ताच्या तपासण्या, ईसीजी, सोनोग्राफी, डोक्याचा एमआरआय, सगळे नॉर्मल आले आहे. तीन स्पेशालिस्टांनी पाहून "काही नाही" असा निर्वाळा दिला आहे. सहकाऱ्यांनी विचारले आहे की, आपल्या नजरेतून एखादा आजार निसटतो आहे का ही भीती, आणि त्या दारात दिसल्या की मनात उठणारा वैताग, या दोहोंचे काय करावे. आणि मुळात अशा रुग्णाला देण्यासारखे आपल्याजवळ आहे तरी काय?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरे त्यातूनच निघतात. देण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे त्यांच्या त्रासाचे पटण्याजोगे स्पष्टीकरण. त्यांना "काय नाही" हे आतापर्यंत तीन वेळा सांगून झाले आहे. "काय आहे" हे अजून कोणीही सांगितलेले नाही. हृदय ठीक, मेंदू ठीक, पोट ठीक असे ऐकून त्या घरी जातात आणि रात्री पुन्हा धडधड सुरू होते. मग त्यांच्या मनात एकच निष्कर्ष उरतो की, या डॉक्टरांना सापडले नाही, म्हणजे आता आणखी मोठ्या तपासणीची गरज आहे. हा निष्कर्ष वेडेपणाचा नाही. हाती आलेल्या माहितीवरून कोणताही शहाणा माणूस तोच काढेल.

अशा रुग्णांना अपवाद समजणे आधी सोडावे लागते. १९८९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाह्यरुग्ण विभागातील १००० रुग्णांच्या ३ वर्षांच्या नोंदी तपासल्या होत्या. छातीत दुखणे, थकवा, चक्कर, डोकेदुखी, पाठदुखी, धाप, झोप न लागणे, बधिरपणा अशा १४ नेहमीच्या तक्रारींपैकी जेवढ्या नव्याने नोंदल्या गेल्या, त्यांतल्या केवळ १६ टक्क्यांमध्ये शारीरिक आजार हे कारण ठरवता आले. आकडा दवाखान्यागणिक आणि व्याख्येगणिक बदलतो, पण चित्र ओळखीचे आहे. वैद्यकीय महाविद्यालयात आपण आजारांची यादी शिकतो आणि दवाखान्यात आपल्यासमोर तक्रारी येतात. या दोहोंमधले अंतर रोजच्या कामाचा भागच आहे. त्यात आशेची बाजूही आहे: पाठपुरावा केलेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो की, कारण न सापडलेल्या तक्रारी असणाऱ्यांपैकी ५० ते ७५ टक्के लोक कालांतराने सुधारतात आणि १० ते ३० टक्के लोकांचा त्रास वाढतो. तुमच्या रुग्णाला एकाच वेळी अनेक तक्रारी आहेत आणि त्या जुन्या आहेत, म्हणून त्यांची वाट थोडी लांबची आहे, एवढेच.

नावांबद्दल थोडक्यात. 'वैद्यकीयदृष्ट्या कारण न सापडलेली लक्षणे' हे नाव डॉक्टरांच्या आपसातल्या बोलण्यापुरते ठीक आहे, रुग्णाला सांगायला ते निरुपयोगी आहे, कारण त्यातून आपल्या अज्ञानाखेरीज काहीच कळत नाही. २०१३ मध्ये आलेल्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या अमेरिकी वर्गीकरणाने 'कारण न सापडणे' ही निदानाची अट काढून टाकली आणि लक्षणांभोवती फिरणारे विचार, भीती व वागणे किती त्रासदायक झाले आहे यावर भर दिला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणातही याच दिशेने जाणारे निदान आहे. या बदलाचा व्यवहारातला अर्थ मला महत्त्वाचा वाटतो: मधुमेह किंवा हृदयविकार असलेल्या माणसालाही त्या आजाराने न उलगडणारी लक्षणे असू शकतात, आणि 'शरीराचे की मनाचे' असा निवाडा देण्याची जबाबदारी आता आपल्यावर नाही. हा निवाडा देण्याच्या नादातच सल्लामसलतीची सगळी वेळ वाया जाते.

आता निसटण्याची भीती. लंडनमधील एका मानसोपचारतज्ज्ञाने १९६५ मध्ये दाखवले होते की, 'हिस्टेरिया' म्हणून घरी पाठवलेल्या अनेक रुग्णांना पुढे खरोखर शरीराचा आजार निघाला, आणि त्या शोधनिबंधाची दहशत डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांवर राहिली. परंतु २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यानुसार अशा चुकीच्या निदानाचे प्रमाण १९५० च्या दशकात सुमारे २९ टक्के होते, १९६० च्या दशकात १७ टक्क्यांवर आले आणि १९७० पासून ते साधारण ४ टक्के आहे. हे आकडे मेंदू व मज्जासंस्थेशी निगडित कार्यात्मक (म्हणजे रचनेत बिघाड न सापडता कामात अडथळा दाखवणाऱ्या) लक्षणांचे आहेत, सगळ्या तक्रारींना ते सरसकट लावता येणार नाहीत. तरी नीट इतिहास घेऊन आणि नीट तपासून केलेला निर्णय बहुतेक वेळा टिकतो, हे त्यावरून कळते.

बहुतेक वेळा, नेहमी नव्हे. माझ्याकडून झालेली एक चूक इथे सांगितली पाहिजे. पोटाच्या तक्रारींसाठी दहा वर्षे माझ्याकडे येणाऱ्या एक बाई चौपन्नाव्या वर्षी पुन्हा पोट फुगते म्हणून आल्या. केसपेपरवर मी "पूर्वीचाच त्रास" असे लिहिले, आणि पुढच्या दोन भेटींतही तेच लिहिले. त्यानंतरच्या भेटीत त्या म्हणाल्या, "डॉक्टर, आधीचं फुगणं सकाळी उतरायचं. हे उतरतच नाही." मी त्यांना तपासणीच्या पलंगावर झोपवले आणि पोटावर हात ठेवताच पाणी असल्याची शंका आली. बीजाशयाचा कर्करोग होता. पन्नाशीनंतर पहिल्यांदा किंवा नव्या तऱ्हेने सुरू झालेल्या अशा तक्रारीला आतड्याच्या जुन्या त्रासाचे नाव देऊ नये, हे मला पुस्तकातून माहीत होते. पण जुन्या निदानाने माझे कान बंद केले होते आणि तीन महिने मी त्यांच्या पोटाला हातच लावला नव्हता.

तेव्हापासून एक नियम पाळतो: अशा रुग्णाला दर भेटीत, थोडे का होईना, तपासायचेच. रक्तदाब, नाडी, वजन, आणि ज्या भागाची तक्रार आहे त्या भागावर हात. याला तीन मिनिटे लागतात. वजन नोंदले असेल तर सहा महिन्यांत चार किलो घटल्याचे कागदच सांगतो. आणि एक प्रश्न न चुकता विचारायचा: "नेहमीच्या त्रासापेक्षा काही वेगळं, काही नवीन आहे का?" आपला जुना त्रास रुग्ण आपल्यापेक्षा चांगला ओळखतात. वजन घटणे, ताप, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, शौचावाटे रक्त, एका बाजूची वाढत जाणारी कमजोरी, श्रम केल्यावरच येणारे छातीतले दडपण, गिळताना अडकणे, उतारवयात पहिल्यांदा उद्भवलेले लक्षण, यांपैकी काहीही दिसले तर आधीची लेबले बाजूला ठेवून नव्याने विचार करायचा. ज्यांचे सोंग फसवे असते असे काही आजारही डोक्यात ठेवावे लागतात: थायरॉइडचे विकार, रक्तातील कॅल्शियम वाढणे, बी-१२ ची कमतरता, सिलिअ‍ॅक, अ‍ॅडिसनचा आजार, मायस्थेनिया, मल्टिपल स्क्लेरोसिस, ल्युपस, झोपेत श्वास अडकणे, स्त्रियांमधील एंडोमेट्रिओसिस. औषधांचे दुष्परिणाम या यादीत नेहमी विसरले जातात, म्हणून ते वेगळ्या वाक्यात लिहितो.

तपासण्या कराव्यात, पण एकदाच, विचार करून आणि जाहीरपणे. जाहीरपणे म्हणजे असे की, चिठ्ठी लिहितानाच रुग्णाला सांगायचे: "तुमच्या सांगण्यावरून आणि तपासण्यावरून मला वाटतं की या तपासण्या नॉर्मल येतील. तशा आल्या तर तुमच्या त्रासाचं कारण काय असावं, याबद्दल माझ्या मनात एक अंदाज आहे. तो मी तुम्हाला आजच सांगतो." ज्याच्या कानावर हे आधी पडलेले असते त्याला नॉर्मल रिपोर्ट म्हणजे डॉक्टरांचा अंदाज बरोबर ठरला असे वाटते. ज्याला ते सांगितलेले नसते त्याला तोच रिपोर्ट म्हणजे हरवलेला धागा वाटतो. केवळ धीर देण्यासाठी केलेल्या तपासणीने धीर येत नाही, याचा पुरावा भक्कम आहे. गंभीर आजाराची शक्यता मुळातच कमी असताना केलेल्या तपासण्यांवरील १४ संशोधन-चाचण्यांचा, एकूण ३८२८ रुग्णांचा, एकत्रित अभ्यास २०१३ मध्ये आला. अशा तपासण्यांमुळे रुग्णांची चिंता कमी झाली नाही आणि लक्षणेही कमी झाली नाहीत. पुढच्या भेटी तेवढ्या किंचित कमी झाल्या. उलट प्रत्येक जास्तीच्या स्कॅनमध्ये मणक्याची थोडी झीज, यकृतात बारीकशी गाठ, सीमारेषेवरचा एखादा आकडा असे काहीतरी निरुपद्रवी सापडते आणि पुढची दोन वर्षे त्याभोवती फिरण्यात जातात.

आणि या तपासण्या मागते कोण? आपली समजूत अशी की रुग्ण मागे लागतात. इंग्लंडमध्ये जनरल प्रॅक्टिसमधल्या खऱ्या सल्लामसलतींच्या ध्वनिमुद्रणांवरून झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की, औषध, तपासणी किंवा रेफरल (दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवणे) सुचवण्याची सुरुवात रुग्णांपेक्षा डॉक्टरांकडूनच जास्त वेळा होते. रुग्ण आपल्या त्रासाचे तपशील, संसारातल्या अडचणी, मनातली भीती असे धागे पुढे करत असतात, आणि आपण अस्वस्थ होऊन चिठ्ठीचे पॅड जवळ ओढतो. हे वाचल्यावर मी स्वतःच्या हाताकडे लक्ष ठेवू लागलो. पेन उचलायचा क्षण हा बहुधा माझ्या अस्वस्थतेचा क्षण असतो.

म्हणून पहिली खरी पायरी ऐकण्याची. तुम्ही म्हणाल, वेळ कुठे आहे? स्वित्झर्लंडमधील २००२ च्या एका अभ्यासात रुग्णांना मध्ये न तोडता बोलू दिले, तेव्हा त्यांचे आपणहून बोलणे सरासरी ९२ सेकंदांत संपले, आणि दहापैकी जवळजवळ आठ रुग्ण दोन मिनिटांच्या आत थांबले. अनेक तक्रारी असलेल्या रुग्णाला पाच मिनिटे लागतील असे धरा. ती पाच मिनिटे एकदाच द्यायची आहेत. त्यानंतर मी तीन गोष्टी विचारतो: तुम्हाला स्वतःला हे कशामुळे होत असावं असं वाटतं? यातून काय होईल अशी सर्वांत जास्त भीती वाटते? आणि या त्रासामुळे तुमचं काय काय थांबलं आहे? मधल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा थक्क करते. धडधडीसाठी वर्षभर फिरणाऱ्या एका गृहस्थांनी या प्रश्नावर डोळ्यांत पाणी आणून सांगितले की, त्यांचा थोरला भाऊ सत्तेचाळिसाव्या वर्षी झोपेतच गेला आणि त्यांना स्वतःला येत्या महिन्यात सत्तेचाळिसावे लागणार होते. त्यांच्या जाडजूड फाईलमध्ये चार ईसीजी होते, पण भावाचा उल्लेख एकाही कागदावर नव्हता. असे कळल्यावर त्या भीतीची नीट शहानिशा करावी लागते. घरात कमी वयात अचानक मृत्यू झालेला असेल तर हृदयाची त्या दृष्टीने तपासणी करणे आवश्यकच असते, आणि ती मी करून घेतली. फरक एवढाच की या वेळी तपासणी नेमक्या प्रश्नाचे उत्तर देत होती.

मग येते स्पष्टीकरण. इंग्लंडमध्ये अशाच रुग्णांच्या मुलाखती घेऊन १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने डॉक्टरांच्या स्पष्टीकरणांचे तीन प्रकार मांडले, ते मला अजूनही कामाला येतात. काही स्पष्टीकरणे रुग्णाला झिडकारतात: "सगळं मनाचं आहे, टेन्शन घेऊ नका." काही रुग्णाच्या समजुतीला नुसता होकार भरतात: "हो, अशक्तपणाच आहे, हे टॉनिक घ्या." आणि काही त्याच्या हाती काहीतरी देतात. त्या तिसऱ्या प्रकारात त्रास शरीरात कसा घडतो हे सांगितलेले असते, त्याचा दोष रुग्णावर येत नाही, आणि त्यातूनच काय करता येईल याचा मार्ग निघतो.

एक उदाहरण जवळून पाहू, कारण तुमच्या रुग्णालाही ते बहुधा लागू पडेल. धडधड, तोंडाभोवती आणि बोटांना मुंग्या, डोके हलके होणे या तक्रारींमागे पुष्कळदा नकळत वाढलेला श्वास असतो. हृदयविकार, फेफरे, दमा किंवा गरोदरपण नाही याची खात्री झाल्यावर मी रुग्णाला खुर्चीत बसवून, समोर घड्याळ ठेवून, माझ्याबरोबर एक मिनिट खोल आणि भराभर श्वास घ्यायला सांगतो. चाळीसएक सेकंदांत बहुतेकांचा चेहरा बदलतो. "डॉक्टर, हेच! हेच होतं मला." तिथे थांबून, हळू श्वास सोडायला लावून, मुंग्या ओसरेपर्यंत आम्ही दोघे शांत बसतो. मग सांगतो की, जास्त श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, रक्ताचा अल्कलीपणा थोडा वाढतो, त्यामुळे रक्तातल्या कॅल्शियमचा मोकळा अंश घटतो आणि नसा चाळवतात. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात म्हणून डोके हलके वाटते. "म्हणजे मी खोटं बोलत नव्हते," असे एक बाई या टप्प्यावर म्हणाल्या. नव्हत्याच. त्यांच्या रक्तात खरोखर बदल होत होता, फक्त तो रक्त काढायच्या वेळी नव्हता.

पायात जोर नसल्याची तक्रार असेल आणि रूढ आजार नसेल तर हूव्हरचे चिन्ह असेच उपयोगी पडते. रुग्णाला उताणे झोपवून दुबळ्या पायाची टाच पलंगावर दाबायला सांगितले तर जोर येत नाही. पण चांगला पाय माझ्या हाताविरुद्ध वर उचलायला सांगितला की दुबळ्या पायाच्या टाचेखाली ठेवलेल्या माझ्या दुसऱ्या हाताला चांगलाच दाब जाणवतो. पूर्वी हे चिन्ह रुग्णाला 'पकडण्यासाठी' वापरले जाई. ते त्याला आणि घरच्यांना दाखवून, "पाहा, पायापर्यंतची वाट शाबूत आहे, लक्ष देऊन हलवायला गेलं की मध्ये अडकतं, म्हणूनच हे सुधारू शकतं," असे सांगितले तर तेच चिन्ह उपचाराची सुरुवात ठरते. मात्र पाय दुखत असेल तर या चिन्हावर विसंबू नये, आणि केवळ त्यावरून निदानही करू नये.

दुखणे आणि थकवा यांच्यासाठी मी बाळंतिणीचा दाखला देतो. तान्हे बाळ जवळ असलेली आई वादळी पावसातही झोपू शकते, पण बाळाने नुसता हुंकार दिला तरी जागी होते. तिच्या कानांत बिघाड झालेला नसतो. तिच्या मेंदूने त्या एका आवाजाची दखल घ्यायची ठरवलेली असते. एखादा ताप, अपघात, शस्त्रक्रिया, दीर्घ काळची चिंता किंवा अपुरी झोप यांनंतर मज्जासंस्था शरीरातून येणाऱ्या संदेशांबाबत अशीच सावध होते आणि आतड्यांची साधी हालचाल, स्नायूंचा साधा ताण तिला मोठ्याने ऐकू येऊ लागतो. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ मध्ये या प्रकारच्या वेदनेला स्वतंत्र नावही दिले. हा दाखला बहुतेकांना लगेच पटतो आणि कोणालाही त्यात आपला अपमान वाटत नाही. शिवाय त्यातून पुढचे काम आपोआप निघते: झोप सुधारणे, शरीराची हालचाल हळूहळू वाढवणे, आणि दिवसातून दहा वेळा नाडी मोजणे किंवा दुखऱ्या जागी दाबून पाहणे कमी करणे.

ठामपणे बोलण्याचाही औषधाइतका परिणाम होतो. १९८७ साली इंग्लंडमधल्या एका जनरल प्रॅक्टिशनरने तक्रारी असलेल्या पण तपासणीत काही न सापडलेल्या २०० रुग्णांवर केलेल्या अभ्यासात, ज्यांना निश्चित निदान देऊन लवकर बरे वाटेल असे सांगितले त्यांतले ६४ टक्के दोन आठवड्यांत बरे झाले, आणि ज्यांना "नक्की काय आहे ते सांगता येत नाही" असे म्हटले त्यांतले ३९ टक्के. खोटे निदान द्यावे असा याचा अर्थ मी घेत नाही. जे आपल्याला खात्रीने ठाऊक आहे, ते चाचपडत सांगू नये, एवढाच घेतो.

मनाच्या अवस्थेबद्दल विचारायचे ते पहिल्याच भेटीत आणि सगळ्यांना विचारतो त्या सुरात. तपासण्या संपल्यावर, हात टेकल्यासारखे विचारले तर त्याचा अर्थ रुग्ण बरोबर ओळखतात. शारीरिक तक्रारींची संख्या जितकी जास्त तितकी नैराश्य किंवा चिंताविकाराची शक्यता जास्त: १९९४ च्या एका मोठ्या अभ्यासात एखादी तक्रार किंवा तीही नसणाऱ्यांत नैराश्यासारखे भावावस्थेचे विकार २ टक्के होते, तर नऊ किंवा अधिक तक्रारी असणाऱ्यांत ६० टक्के. म्हणून उदासी, रस न वाटणे, भीतीचे झटके, आणि जीव नकोसा वाटतो का, हे स्पष्ट विचारावे. घरात मारहाण किंवा धाक आहे का, हे रुग्ण एकटी असतानाच विचारावे. सोबत आलेल्यांना थोडा वेळ बाहेर बसवण्याची सवय सगळ्याच रुग्णांबाबत लावून घेतली तर कोणाला वावगे वाटत नाही. पण उरलेले चाळीस टक्केही लक्षात ठेवा. प्रत्येक न उलगडलेल्या तक्रारीमागे दडपलेले दुःख असलेच पाहिजे असा हट्ट धरणे, हीसुद्धा एक प्रकारची झिडकारणी आहे. सापडले तर त्यावर उपचार करावेत, न सापडल्यास उकरत बसू नये.

औषधांबाबत माझा कल कमीकडे आहे. पहिले काम बहुधा यादी छोटी करण्याचे असते: तीन ठिकाणांहून सुरू झालेली जठराम्लाची, चकरेची, झोपेची औषधे एकेक करून कमी केली की थकवा आणि गरगरणे यांतला काही भाग आपोआप जातो. मात्र दीर्घकाळ घेतलेली झोपेची औषधे एकदम तोडू नयेत. वेदना, आतड्याचा त्रास आणि मोडलेली झोप एकत्र असतील तर अ‍ॅमिट्रिप्टिलिन अगदी कमी मात्रेत उपयोगी पडते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, जनरल प्रॅक्टिसमधल्याच ४६३ रुग्णांच्या चाचणीत रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरू करून सोसेल तसे ३० पर्यंत नेल्यावर आतड्याच्या त्रासात स्पष्ट फरक दिसला. काचबिंदू, लघवी अडणे, हृदयाच्या लयीचे विकार, वय आणि इतर औषधे पाहूनच द्यावे. ते नैराश्याचे औषध म्हणून ओळखले जाते, पण इथे या मात्रेत नसांचा चाळवलेपणा कमी करण्यासाठी देत आहोत, हे आपण आधी सांगावे. नाहीतर रुग्ण ते माहितीपत्रकात वाचतो आणि विश्वास तुटतो. अफूवर्गीय वेदनाशामके आणि डायझेपामच्या कुळातली औषधे या रुग्णांना नियमित देऊ नयेत.

हालचाल वाढवण्याचा सल्ला सगळेच देतात, पण कसा ते सांगत नाहीत. बहुतेक रुग्ण बऱ्या दिवशी साचलेली सगळी कामे उरकतात आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात काढतात. त्यांना वाईट दिवशीही जमेल इतकेच चालणे ठरवून द्यावे, मग ते सात मिनिटे का असेना, आणि ते बऱ्या दिवशीही ओलांडायचे नाही असे सांगावे. दोन आठवडे जमले की थोडे वाढवावे. एक सावधगिरी मात्र फार महत्त्वाची आहे. थोड्या श्रमानेही दुसऱ्या दिवशी कोसळून दिवसचे दिवस न सावरणारे काही रुग्ण असतात. मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस अथवा क्रॉनिक फटिग सिंड्रोम हे त्यांचे निदान असू शकते, आणि त्यांना व्यायाम टप्प्याटप्प्याने वाढवायला लावू नये. ब्रिटनमधील नाइस या संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत तो उपचार काढून टाकला आहे.

आता वैताग. तो येतो, आणि तो मान्य करण्यात काही कमीपणा नाही. मला जे जाणवले ते असे की, वैतागाचे मूळ रुग्णात कमी आणि भेटींच्या बेशिस्तीत जास्त असते. त्रास वाढला की भेट, अशी पद्धत असेल तर डॉक्टर मिळवण्यासाठी त्रास वाढावाच लागतो, आणि प्रत्येक भेट ही नवी आणीबाणी होते. त्यावरचा उपाय जुना आणि साधा आहे: त्रास असो वा नसो, ठरलेल्या तारखेला भेट. १९८६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, वर्षानुवर्षे अनेक तक्रारी घेऊन फिरणाऱ्या रुग्णांच्या डॉक्टरांना फक्त एक पत्र पाठवले होते. दर ४ ते ६ आठवड्यांनी ठरलेली भेट द्या, दर वेळी थोडक्यात तपासा, स्पष्ट गरज नसता तपासण्या, शस्त्रक्रिया आणि इस्पितळात भरती टाळा, आणि "हे सगळं तुमच्या डोक्यात आहे" असे म्हणू नका, एवढेच त्यात होते. त्या रुग्णांचा वैद्यकीय खर्च ५३ टक्क्यांनी घटला आणि त्यांची तब्येत त्यामुळे ढासळली नाही. अलीकडे, २०२४ मध्ये, इंग्लंडमध्ये ३५४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत जनरल प्रॅक्टिशनरांनी घेतलेल्या जास्तीत जास्त चार लांब भेटींनी लक्षणे वर्षाअखेरीसही कमी राहिली. त्या भेटींचा गाभा हाच होता: त्रासाची दखल, त्याचे स्पष्टीकरण, आणि त्यातून निघणारी करण्याजोगी कृती. फरक मध्यम होता, चमत्कार नव्हता, पण तो आपल्यासारख्यांच्याच हातून घडला होता.

रेफरल करायचे असेल तर ते सोडून दिल्यासारखे वाटू नये, म्हणून चिठ्ठी देतानाच परतीची तारीख द्यावी. मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवताना मी म्हणतो, "हा त्रास इतकी वर्षं सोसल्यावर कोणीही थकेल. ते यात मदत करतील, आणि तुमच्या शरीराकडे मी बघतच राहीन." स्पेशालिस्टांना लिहिताना नुसते "कृपया पाहावे" न लिहिता काय विचारायचे आहे, काय काय आधी झाले आहे आणि रुग्णाला आपण काय सांगितले आहे, हे लिहावे, नाहीतर तिथे सगळे पहिल्यापासून सुरू होते आणि आपले स्पष्टीकरण एका वाक्यात पुसले जाते.

तुमच्या रुग्ण पुढच्या खेपेला येतील तेव्हा त्यांना दिवसाची शेवटची वेळ द्या आणि अर्धा तास मोकळा ठेवा. फाईल आधी वाचून ठेवा, ती त्यांच्यासमोर चाळू नका. त्यांना म्हणा, "आतापर्यंत आपण एकेका तक्रारीच्या मागे धावलो. आज मला सगळं पहिल्यापासून ऐकायचं आहे." त्यांनी सांगितलेल्या शब्दांतच केसपेपरवर लिहा. धडधड कधी उठते, तेव्हा श्वास कसा असतो, झोप कशी आहे, पाळीशी संबंध आहे का, हे विचारा. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि कॅल्शियम यांपैकी काय झालेले नाही ते पाहा. मग नीट तपासा. पोट फुगते त्या जागी हात ठेवा. श्वासाची ती चाचणी करून पाहण्यासारखी असेल तर करा. त्या दिवशी एकाच तक्रारीचे स्पष्टीकरण द्या, आणि घरी करायला एकच गोष्ट द्या. निघताना त्या दाराशी थांबून "आणि डॉक्टर, ते डोकं जड होतं त्याचं..." असे म्हणतील. त्या वेळी पुन्हा खुर्चीत बसवू नका आणि गोळीही लिहू नका. ते त्यांच्यासमोर केसपेपरवर लिहून घ्या, दोन आठवड्यांनंतरची तारीख त्यांच्या हातात द्या, आणि त्या भेटीची सुरुवात त्याच ओळीपासून करा.